सोमाली स्त्रीची व्यथा आणि तिची अभ्यासक

आफ्रिका खंडाच्या ईशान्य टोकाला, एडनच्या आखाताला आणि हिंदी महासागराला लागून, सोमाली लोकांचा देश पसरलेला आहे. ह्या देशाविषयी आपल्या वृत्तपत्रांतून जे छापून येते, ते बहुधा दुष्काळ, यादवी आणि समुद्रावरील चाचेगिरी एवढ्यापुरतेच असते. वास्तविक हा प्रदेश आपल्याला इतका अपरिचित असण्याचे कारण नाही. बर्बेरा बंदर आणि भारताचा पश्चिम किनारा ह्यांच्यामधील गलबतांची ये-जा फार जुनी आहे. १८८४ मध्ये इंग्रजांनी सोमाली किनाऱ्यावर आपला अंमल बसविला, तेव्हा १८९८ पर्यंत तेथील कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता आणि तो मुंबई इलाख्याच्या अखत्यारातील एडनमार्फत चालत असे. हिंदुस्थानचा रुपया तर तेथे १९४१ पर्यंत चलनात होता. ज्या भूमीशी आपला व्यवहार होता, तेथील माणसांच्या सुखदुःखांची मात्र आपण फारशी विचारपूस केली नाही. प्रस्तुत लेखात त्या भूमीतील एका विदुषीच्या कार्याचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे नाव रकिया हाजी दुआले अब्दल्ला. १९८२ साली लंडनच्या झेड प्रेसने त्यांचा 'सिस्टर्स इन अफ्लिक्शन' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथनामाचा अर्थ 'दुःखातल्या भगिनी' असा करता येईल. आफ्रिकेतील, विशेषतः सोमालियातील, मुलींच्या सुंतेचा हा अभ्यास आहे. विषय अवघड आहे आणि चारचौघांत बोलावयास संकोच वाटावा असा आहे, हे आम्ही जाणतो. तथापि कोट्यवधी स्त्रियांनी जे देहावर सोसले, ते सुशिक्षितांनी निदान कानांवर घ्यावयास संकोच करणे योग्य नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ह्या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सोमाली लोकांत आडनावाची पद्धत नाही. आधी स्वतःचे नाव, मग पित्याचे, मग पितामहाचे, अशी ती मालिका असते. विशेष हे, की विवाहानंतरही स्त्रीचे नाव पालटत नाही. जन्माने मिळालेली वंशमालिका ती अखेरपर्यंत धारण करते. वरवर पाहता ही मोठीच स्वतंत्रता वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की लग्न होऊन ती पतीच्या कुळात नांदावयास जाते आणि तेथे ती कायमची परकी राहते. तिची मुले पतीच्या कुळाची. माहेरच्या कुळाच्या पंचायतीत तिला आसन नाही आणि सासरच्या पंचायतीतही नाही. दोन कुळांत तंटा झाला, तर एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला पती व पुत्र अशी तिची स्थिती होते. परंपरागत दंडविधानात पुरुषाची हत्या झाल्यास शंभर उंट आणि स्त्रीची झाल्यास पन्नास उंट भरपाई द्यावी, असा संकेत आहे. समाजाने स्त्रीचे मोल किती धरले होते, हे ह्या एका संकेतावरून ध्यानात यावे.

आता ह्या समाजाच्या वाङ्मयाकडे वळू. सोमाली लोकांना काव्याचे विलक्षण वेड आहे. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन ह्याने १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात ह्या देशातील कवींच्या विपुलतेची नोंद करून ठेवली आहे. तेथे कविता केवळ विरंगुळ्यासाठी नसे. तंटे तिच्यावाटे पेटत आणि तिच्यावाटेच मिटत. राजकीय मत मांडावयाचे तर ते पद्यात मांडले म्हणजे त्याला वजन येई. काव्यरचनेचा नियमही कडक. संपूर्ण कवितेत एकाच वर्णाचा अनुप्रास प्रत्येक ओळीत साधावा लागतो. अशी कविता ऐकून पाठ करणारे आणि मूळ कवीच्या नावासह ती गावोगाव म्हणून दाखविणारे जाणकार असत. लिपी नसलेल्या भाषेचे ग्रंथालय म्हणजे ही माणसेच होती.

ह्या ग्रंथालयात स्त्रियांची कविता मात्र फार थोडी आढळते. स्त्रियांचा असा 'बुरांबुर' नावाचा स्वतंत्र काव्यप्रकार आहे. लग्नकार्यात व इतर प्रसंगी स्त्रिया एकत्र जमून डफासारखे वाद्य आणि टाळ्या ह्यांच्या साथीवर तो म्हणतात. 'गबय' हा पुरुषांचा भारदस्त प्रकार. त्याच्या तुलनेने बुरांबुर हलका मानला गेला. झैनब मोहम्मद जामा ह्या दुसऱ्या सोमाली विदुषीने १९९१ व १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत ह्या उपेक्षेची मीमांसा केली आहे. स्त्रियांना रचना येत नव्हती असे मुळीच नाही. परंतु कविता पाठ करून पसरविण्याचे काम पुरुषांकडे होते, आणि बायकांची कविता पाठ करणे त्यांना आपल्या प्रतिष्ठेला साजेसे वाटत नव्हते. शिवाय कुलीन स्त्रीने परपुरुषांपुढे काव्य म्हणू नये, असाही दंडक. परिणामी ज्या समाजात पद्यावाचून सार्वजनिक प्रश्न उपस्थित करता येत नव्हता, त्याच समाजात स्त्रीच्या पद्याला बायकांच्या बैठकीबाहेर वाट नव्हती. स्त्रियांची गाऱ्हाणी बोलली गेली, परंतु जेथे निर्णय होत तेथे ती पोहोचली नाहीत.

रकियाबाईंच्या ग्रंथाचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवरच कळते. मधल्या काळात देशात मोठी उलथापालथ झाली होती. १९६० साली देश स्वतंत्र झाला आणि १९६९ मध्ये मोहम्मद सियाद बर्रे ह्या सेनापतीने सत्ता बळकाविली. त्याच्या राजवटीने २१ ऑक्टोबर १९७२ रोजी सोमाली भाषेला रोमन लिपी दिली. पुढे १९७४-७५ मध्ये शाळा बंद ठेवून सुमारे २५,००० विद्यार्थी व शिक्षक खेड्यापाड्यांत आणि भटक्या धनगरांच्या तळांवर साक्षरताप्रसारासाठी पाठविण्यात आले. भाषेला लिपी मिळाली म्हणजे काय घडते, हे आम्हां शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. जे आजवर कुजबुजीत राहिले होते, ते कागदावर उतरण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

त्याच राजवटीने जानेवारी १९७५ मध्ये कुटुंबविषयक नवा कायदा केला आणि वारसाहक्कात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने वाटा दिला. काही धर्मपंडितांनी मशिदींतून त्याचा निषेध केला, तेव्हा त्यांपैकी दहा जणांना त्याच महिन्यात गोळ्या घालून ठार करण्यात आले. ह्या क्रौर्याने देश हादरला. स्त्रीचा न्याय्य हक्क आणि हुकूमशहाची बंदूक ह्या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र जोडल्या गेल्या, आणि पुढे कोणी स्त्रियांच्या बाजूने बोलू लागला, तर त्याच्याकडे संशयाने पाहण्यास एक कारण मिळाले. सुधारणा खरी असली, तरी ती कोणत्या हातांनी आणि कोणत्या मार्गाने येते ह्यावर तिचे भवितव्य अवलंबून असते. १९७५ नंतर सोमालियात स्त्रीप्रश्नावर लिहिणाऱ्या प्रत्येकास हा धडा विसरता येण्यासारखा नव्हता.

आता प्रत्यक्ष प्रथेविषयी. मुलगी पाच ते नऊ वर्षांच्या सुमारास असताना तिच्या जननेंद्रियाचा बाह्य भाग कापून काढावयाचा, जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींस शिवून टाकावयाच्या आणि मूत्र व ऋतुस्राव ह्यांपुरते लहानसे छिद्र ठेवावयाचे, असे तिचे सर्वांत कठोर रूप आहे. पूर्वी ह्या शिवणीसाठी बाभळीच्या जातीचे काटे वापरीत. जखम भरून येईपर्यंत मुलीचे पाय बांधून ठेवीत. पुढे विवाहाच्या वेळी ही शिवण उघडावी लागते आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा कापावी लागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचे आजार, अडलेली बाळंतपणे आणि त्यांतून होणारे माता-बालकांचे मृत्यू ही ह्या प्रथेची फळे होत. रकियाबाईंनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधाच्या शीर्षकातच आजीचे शब्द घेतले आहेत. आजी ह्याला 'बाईची तीन दुःखे' म्हणत असे. ही दुःखे म्हणजे सुंतेचा दिवस, विवाहाची रात्र आणि प्रसूतीची वेळ.

सोमाली भाषेत ह्या विधीला 'गुडनिन' म्हणतात, आणि मुलांच्या सुंतेलाही तोच शब्द आहे. भाषाशिक्षकांनी ह्या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. मुलाच्या बाबतीत त्वचेचा अल्पसा भाग जातो. मुलीच्या बाबतीत एक अवयव जातो आणि जन्माची व्याधी जडते. परंतु दोहोंना एकच नाव असल्यामुळे दोन्ही कृत्ये सारखीच पवित्र आणि सारखीच निरुपद्रवी वाटू लागतात. कठोर प्रकाराला लोक 'फिरऔनी', म्हणजे इजिप्तच्या प्राचीन फिरऔन राजांच्या काळची, सुंता असे म्हणतात. ह्या नावातच एक कबुली दडलेली आहे. ही चाल इस्लामच्या आधीची आहे, अशी समजूत लोकांच्या बोलण्यात टिकून राहिली. तरीही आचरणात ती धर्माज्ञा म्हणूनच पाळली गेली.

रकियाबाईंनी केलेले पहिले काम म्हणजे प्रथा आणि धर्म ह्यांची फारकत. मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान ह्या मुसलमान देशांत ही चाल नाही. उलट इथिओपियातील आणि इजिप्तमधील ख्रिस्ती समाजांत ती आढळते. तेव्हा ती एका धर्माची आज्ञा कशी असू शकेल? हा युक्तिवाद सोपा दिसतो, परंतु श्रद्धाळू समाजात तो धर्माचा अवमान न करता मांडावा लागतो. धर्मावर प्रहार करून तो मांडला असता, तर १९७५ चीच पुनरावृत्ती झाली असती. ह्या संदर्भात वाचकांस सांगितले पाहिजे, की ही प्रथा वेगळ्या स्वरूपात भारतातील दाऊदी बोहरा समाजातही आहे. त्या समाजातीलच अनेक स्त्रियांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला असून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली याचिका २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आली. हा प्रश्न केवळ दूरदेशीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

त्यांचे दुसरे काम ह्याहून कठीण होते. ही प्रथा टिकते कशी, ह्या प्रश्नाचा त्यांनी छडा लावला. त्यासाठी त्यांनी स्त्रियांप्रमाणेच पुरुषांचीही मते विचारली. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु हा विधी बायकाच करतात. सुईण तो करते, आजी त्याचा आग्रह धरते आणि आई मुलीचे हात धरून ठेवते. तेव्हा ह्या आया निर्दय म्हणावयाच्या काय? मुळीच नाही. ज्या समाजात स्त्रीला विवाहावाचून आधार नाही, वधूसाठी वराकडून देज घेतले जाते, आणि कौमार्याची खूण म्हणजे ती शिवण, असा सर्वांचा समज आहे, तेथे सुंता न झालेली मुलगी म्हणजे बिनलग्नाची मुलगी. आई कापते ती मुलीच्या काळजीपोटी. स्वतः जे भोगले त्याची तिला पुरती आठवण असते. तरीही मुलीचा जन्म वाया जाऊ नये म्हणून ती मन घट्ट करते. ह्या प्रथेचे मूळ कोणा एका व्यक्तीच्या दुष्टपणात शोधू नये, ते पुरुषप्रधान कुटुंबव्यवस्थेत आणि स्त्रीच्या आर्थिक परावलंबनात शोधावे, हे रकियाबाईंचे प्रतिपादन आहे. म्हणूनच केवळ बंदीच्या कायद्यावर त्यांची भिस्त नाही. स्त्रीशिक्षण, स्त्रीची मिळकत आणि लोकशिक्षण ह्यांची त्यांनी कायद्याशी सांगड घातली आहे.

ह्यातील मर्म नीट समजून घेतले पाहिजे. समजा, एका घराने ठरविले, की आम्ही आमच्या मुलीला हात लावू देणार नाही. बाकीच्या घरांनी जुनीच चाल ठेवली, तर त्या एका मुलीला वर मिळणार नाही आणि शहाणपणाची शिक्षा तिलाच होईल. म्हणून एकट्या कुटुंबाला पटूनही त्याप्रमाणे वागता येत नाही. जेरी मॅकी ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये ह्या कोंडीची तुलना चीनमधील मुलींचे पाय बांधण्याच्या चालीशी केली. तेथे पालकांनी मंडळे स्थापून परस्परांना वचन दिले: आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांच्या मुली सुना म्हणून घेणार नाही. अनेक घरे एकाच वेळी बदलली म्हणजे कोणाच्याच मुलीचे अडत नाही. शतकानुशतके चाललेली ती चाल अशा रीतीने एकदोन पिढ्यांत नामशेष झाली. रकियाबाईंनी चौदा वर्षे आधी विवाह आणि सुंता ह्यांच्यातील जो दुवा दाखविला होता, त्याचेच हे तर्कशुद्ध रूप होय, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचा ग्रंथ ज्या वेळी आला, ती वेळही ध्यानात घेण्याजोगी आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये सुदानमधील खार्टूम येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने ह्या प्रथांच्या उच्चाटनाची शिफारस केली होती. परंतु पुढच्याच वर्षी कोपनहेगन येथील जागतिक महिला परिषदेच्या वेळी आफ्रिकेतील कित्येक प्रतिनिधी पाश्चात्त्य स्त्रियांवर संतापल्या. आमच्या देहांची चर्चा तुम्ही एखाद्या विचित्र वस्तूप्रमाणे करता. आमची भूक, आमचे दारिद्र्य, आमची पारतंत्र्यातून आलेली दैना ह्यांविषयी मात्र मौन बाळगता, असा त्यांच्या रोषाचा आशय होता. हा रोष अकारण नव्हता. परंतु त्याच्या आडोशाने प्रथेचे समर्थन होण्याचाही धोका होता. परक्यांच्या दयेचा स्वीकार नाही आणि स्वकीयांच्या क्रौर्यावर पांघरूणही नाही, अशी अवघड भूमिका घेऊन रकियाबाईंचा ग्रंथ दोनच वर्षांनी अवतरला. त्या सोमाली होत्या, मुसलमान होत्या आणि ज्यांच्याविषयी लिहीत होत्या त्यांच्यातल्याच एक होत्या. त्यांचे म्हणणे परकीय म्हणून उडवून लावणे सोपे नव्हते.

पुढे काय झाले? जून १९८८ मध्ये मोगादिशू येथे सोमाली महिला संघटनेने एका इटालियन महिला संस्थेच्या साहाय्याने ह्याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. त्याच वर्षी उत्तरेत यादवीचा भडका उडाला, १९९१ मध्ये राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर शाळा, विद्यापीठे, दवाखाने सारेच विस्कटले. मोहीम संपली असेच वाटावे अशी ती वेळ होती. परंतु काम इतरांनी उचलले. एडना आदान इस्माइल ह्या सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेने आपली पुंजी खर्चून हर्गेसा येथे प्रसूतिगृह उभारले आणि ते मार्च २००२ मध्ये सुरू झाले. तेथे सुईणींना शिकविता शिकविताच त्या ह्या प्रथेविरुद्धही शिकवीत आल्या आहेत. २००० साली जिबूतीतील आर्ता येथे शांतता परिषद भरली, तेव्हा आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकारिणींनी एक अभिनव युक्ती योजिली. प्रतिनिधित्व कुळांनाच मिळणार आणि स्त्रीला तर कुळात आसन नाही. तेव्हा स्त्रियांचेच एक 'सहावे कूळ' मानावे, अशी मागणी त्यांनी केली आणि संसदेच्या २४५ जागांपैकी २५ जागा मिळविल्या. दोन्ही कुळांत परकी ठरलेल्या स्त्रीने त्या परकेपणातूनच आपले आसन घडविले.

२०१२ च्या तात्पुरत्या राज्यघटनेने सोमालियात मुलींच्या सुंतेला मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सोमालीलँडच्या धर्मखात्याने तिच्या कठोर प्रकारांविरुद्ध फतवा काढला. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ९९ टक्के स्त्रियांची सुंता झालेली आढळली. आकडा निराशाजनक आहे. मात्र त्या पाहणीतच असेही दिसते, की प्रौढ स्त्रियांच्या मानाने तरुण मुलींमध्ये शिवणीचा कठोर प्रकार कमी होऊन 'सुन्ना' म्हणविला जाणारा सौम्य प्रकार वाढला आहे. ह्यावर कार्यकर्त्यांत तीव्र मतभेद आहे. काहींच्या मते मुलींचे प्राण वाचत असतील, तर ही पहिली पायरी समजावी. इतरांच्या मते 'सुन्ना' ह्या शब्दाने प्रथेला तिने गमावलेला धार्मिक आधार पुन्हा मिळतो आणि मूळ कल्पना तशीच राहते. आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे. नाव बदलून चाल टिकविण्याचा मार्ग सर्वच समाजांतील रूढींना चांगला अवगत असतो. मुलीचा देह अपुरा आहे आणि तो दुरुस्त करावा लागतो ही समजूत जाईपर्यंत कापण्याचे प्रमाण कमी झाल्याने प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

मग रकियाबाईंच्या परिश्रमांचे फलित काय? आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल, काहीच नाही. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या गोष्टीविषयी आई मुलीशीही बोलत नव्हती, तिच्यावर आज राज्यघटनेत कलम आहे, मशिदीत चर्चा आहे आणि प्रसूतिगृहात धडे आहेत. ही चर्चा ज्या मुद्द्यांवर चालते, म्हणजे धर्माचा आधार नाही, विवाहाशी असलेली सांगड तोडली पाहिजे, आईला दोष देऊन भागणार नाही, ते मुद्दे १९८२ च्या त्या लहानशा ग्रंथात एकत्र मांडलेले आहेत. अध्यापकांनी ह्यातून एक गोष्ट उचलावी. रूढीविषयी वर्गात बोलताना तिचा धिक्कार करणे फार सोपे असते. विद्यार्थी मान डोलावतात आणि घरी गेल्यावर सर्व पूर्ववत चालते. ती रूढी कोणाच्या गरजेवर उभी आहे, ती मोडणाऱ्याला काय किंमत द्यावी लागते आणि ती किंमत एकट्याच्या माथी न मारता सर्वांनी मिळून कशी उचलावी, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर घरी गेल्यावर त्यांना बोलावयास काहीतरी उरेल.